विसरवही

कोपरच्या आमच्या छोट्या वर्तमानपत्रात
माझ्या टेबलावर एक वही असते, हिरव्या पुठ्ठ्याची.
जगानं ज्यांना विसरावं, अशांची नावं
मी तीत सुवाच्य अक्षरात लिहून ठेवते.
संपादक हसतात. हसू देत.
कुणाला विसरायचं हे
कुणीतरी लक्षात ठेवावं लागतंच.

सिल्वो बेरतोक आला तेव्हा
चौथ्या दिवशीही बुर्या वाहत होता,
दारं हातानं धरून ठेवावी लागत होती.
त्याच्या बोटांना होड्यांच्या रंगाचा वास.
अर्ज घडी घालून आणलेला,
चार घड्या, जणू आतून काही सांडेल.

चोवीस वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत,
मिठागराच्या रस्त्यावर
एकोणीस वर्षांचा तो, मामाची व्हॅन,
आणि समोरून सायकल.
बातमी आमचीच. सातवं पान, डावीकडे.
वर कानटोपी घातलेला, पुढचा दात पडलेला मुलगा,
खाली याचं नाव, आडनावासकट.
शिक्षा भोगून झाली. कोर्टानं पाटी पुसली.
आमची राहिली.
काळ्या दगडावरची रेघ तरी पावसानं झिजते,
ही काचेवरची आहे.

"मुलीला शाळेत गृहपाठ दिला," तो म्हणाला,
"आपल्या आडनावाचा शोध घ्या म्हणून."
पुढे बराच वेळ टेबलाची कड चाचपत राहिला.
"विचारत काहीच नाही ती.
फक्त आता शाळेत चालत जाते.
गाडी नको म्हणते. अडीच किलोमीटर."

माझे आजोबा मिठागरात राबले.
म्हणायचे, समुद्राच्या काही लक्षात राहत नाही,
म्हणून आपण त्याला उन्हात अडवतो
आणि त्याच्याकडून मीठ काढून घेतो.
पण वेळेवर सोडून द्यायचं उरलेलं पाणी.
फार अडवलंस, तर मीठ कडू होतं.
खाल्ल्या मिठाला जागावं, हे मलाही शिकवलंय.
कुठवर, ते नाही शिकवलं.

मी शिक्का मारला.
बातमी तिथंच राहणार होती, तशीच, त्याच पानावर.
कायदा घर पाडत नाही,
एक दार विटांनी बुजवतो, इतकंच :
या नावानं आता तिथं जाता येणार नाही.

आठ दिवसांनी फोन.
दारिंका ग्रबेत्स, वय एक्क्याऐंशी.
"तो सापडत नाही गं."
कोण, ते विचारायची गरज नव्हती.

भाच्यानं तिला कॉम्प्युटरवर एकच गोष्ट शिकवली होती :
गाडी चालवणाऱ्याचं नाव लिहायचं.
रोज रात्री, उरलेलं सूप झाकून ठेवल्यावर,
त्या परक्या नावातून वाट काढत
ती कानटोपीपाशी पोचायची.
"राग नव्हता माझा त्याच्यावर.
म्हणजे होता. मग नव्हता.
मला रस्ता तेवढाच ठाऊक होता."

हे मी अर्जाच्या कुठल्या रकान्यात लिहायला हवं होतं?

म्हटलं, "मावशी, मुलाचं नाव लिहून बघा."
"ते मी लिहिलेलं नाही.
थडग्यावर कोरायलासुद्धा दिरानंच सांगितलं."

मी थांबले.
वारा केव्हाच पडला होता,
फोनमध्ये येत होता तो तिचा श्वास.
मग कळ दाबल्याचा आवाज.
पुष्कळ वेळानं दुसरा.
टीने. चारच कळांचं नाव आहे.
तिसऱ्या कळेपाशी ती अडली,
काहीतरी पडल्यासारखं वाजलं, चष्मा असेल.
"पुसलं गेलं," म्हणाली.
"आता परत पहिल्यापासून."

"असू दे," मी म्हटलं.
"मी आहे फोनवर.
घाई नाही."